तंबोऱ्यावर कोण?

तेरा डिसेंबर, शनिवार. सुटी होती म्हणून सकाळीच गिरिजात्यांच्या तंबोऱ्याची गवसणी धुवायला काढली. दुसऱ्या दिवशी तंबोरा घराबाहेर जायचा होता आणि तेलकट डागांच्या खोळीत तो पाठवणं मला पटत नव्हतं. गवसणी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि उघडा तंबोरा चादरीत गुंडाळून पलंगावर आडवा ठेवला. "आजारी माणसासारखा निजवलास की," आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून ठेवलाय.

गिरिजात्या म्हणजे यांची सख्खी आत्या. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. नवरा वारल्यावर सोलापुरात आमच्याकडे राहायला आल्या त्या शेवटपर्यंत. दिवाळीनंतर एका दुपारी गेल्या. मी ऑफिसात होते. यांचा फोन आला, "आत्या गेली." मी विचारलं, "कुठं?" कारण त्या सदानकदा कुठंतरी निघालेल्याच असायच्या. देवळामागच्या सभागृहात गाणं, कुणाच्या गच्चीवर बैठक, कुठल्या शाळेत मुलींचं वादन... पायात चप्पल सरकवल्यावर मग सांगायच्या, "मी जाते गं." "तू आधी घरी ये," हे म्हणाले, तेव्हा मला कळलं.

मी विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. समोरचा माणूस जे सांगतो ते खरं असेलही, पण कागद बघितल्याशिवाय मान हलवायची नाही, ही सवय लागलेली आहे. ती घरी येताना ऑफिसच्या कपाटात ठेवून येता येत नाही. आणि आत्यांचा दावा तर असा होता की तो कुठल्याच कपाटात बसला नसता. त्यांचं म्हणणं, लग्नाआधी त्या बाईंकडे गाणं शिकत होत्या. बाई म्हणजे त्या काळच्या मोठ्या गायिका. आत्या त्यांना फक्त 'बाई' म्हणायच्या. या बाईंनी रेडिओसाठी तोडी गायली, त्या ध्वनिमुद्रणात मागे तंबोऱ्यावर आपण होतो, असं आत्या सांगायच्या. मी नवीन सून होते तेव्हा लगेच विचारलं होतं, "मग रेडिओवर तुमचं नाव का घेत नाहीत?"

"तबल्याचं घेतात, पेटीचं घेतात. तंबोऱ्याचं कुठं घेतात गं? तू ऐकून बघ की."

मी ऐकून बघितलं. खरंच घेत नाहीत. माझा संशय मात्र त्यामुळे वाढलाच. ज्याला पुरावा असूच शकत नाही असा दावा करणारी माणसं मी रोज बघते. शिवाय आत्या स्वतः कधी गायल्या नाहीत. तंबोरा तेवढा रोज संध्याकाळी सुरात लावायच्या, थोडा वेळ छेडायच्या आणि पुन्हा गवसणीत घालायच्या. छेडण्याआधी डाव्या हाताने उजवं मनगट चोळायच्या, खालून वर. मनगटात काही नसायचं. संधिवात असेल म्हणून मी एकदा मलम आणून दिलं. "दुखत नाही गं," म्हणाल्या, आणि मलम माझ्याच सासूबाईंच्या गुडघ्याला गेलं.

दरवर्षी या दिवसांत रेडिओवर शास्त्रीय संगीताचा सप्ताह असतो. सकाळी जुनी ध्वनिमुद्रणं लागतात. त्याच आठवड्यात आमच्या भागातलं संगीत मंडळ सभागृहात रोज संध्याकाळी गाणं ठेवतं आणि रविवारी सकाळच्या मैफलीने सांगता करतं. आत्यांचा तो आठवडा सणाचा. सकाळी रेडिओपुढे, संध्याकाळी सभागृहात पहिल्या रांगेत. बाईंची तोडी बहुतेक वर्षी लागायची. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला समोर बसायला लागायचं. निवेदक तबलजीचं नाव घ्यायचा, पेटीवाल्याचं घ्यायचा, आत्या आमच्याकडे बघून मान डोलवायच्या, बघा, घेतलं का? आणि आलाप थोडा पुढे गेला की स्वतःच उठून स्वयंपाकघरात जायच्या. जायच्या आणि हमखास काहीतरी पाडायच्या. झाकण, पळी, एकदा तर अख्खा डबा. मग परत येऊन शांत बसायच्या. एरवी त्यांच्या हातून चमचा पडत नसे. आम्हाला गप्प बसवून स्वतः उठणारं माणूस मला नेहमीच खटकायचं. मी यांना म्हणायचे, "आत्यांना ती तोडी सहन होत नाही. तिथे त्या नव्हत्याच, म्हणून." हे म्हणायचे, "तुला प्रत्येकात चोर दिसतो."

आत्या गेल्यावर मंडळाचे देशमुख सर भेटायला आले. चांगलं बोलले, डोळे पुसले आणि चहा संपता संपता म्हणाले, "आत्यांचा तंबोरा रविवारच्या मैफलीला मिळाला तर... त्यांचीच आठवण." वाटलं, हे आत्यांसाठी आलेत की तंबोऱ्यासाठी? पण तंबोरा नुसता पडून राहण्यापेक्षा वाजलेला बरा, म्हणून हो म्हटलं. मग ते म्हणाले, "मैफलीआधी मी दोन शब्द बोलणार आहे. बाईंच्या त्या तोडीत तंबोऱ्यावर आत्या होत्या, असं म्हणू ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"त्याच सांगायच्या की."

"मग नका म्हणू. रसिक होत्या म्हणा, तेवढं आपण सगळ्यांनी बघितलंय."

हे माझ्यावर दोन दिवस धुसफुसत होते. गेलेल्या माणसाबद्दल चार माणसांत एक चांगलं वाक्य बोलायचं, तर त्यालाही माझी हरकत. माझं म्हणणं साधं होतं. आत्या खोटं बोलल्या असतील तर ते घरात राहू दे. माईकवरून सांगितलं आणि सभागृहातल्या एखाद्या जुन्या माणसाने उभं राहून नाही म्हटलं, तर मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

त्या शनिवारी गवसणी भिजत असताना रेडिओवर तोडी लागली. यांनी मोबाइलवर ती टिपून घ्यायला सुरुवात केली. मी हात पुसत येऊन आत्यांच्या खुर्चीवर बसले. आलाप सुरू झाला. त्यांची उठायची जागा आली... कुणी उठलं नाही. स्वयंपाकघर गप्प होतं. आणि तंबोऱ्याच्या झंकारात एक बारीक आवाज आला. किण. थोडं थांबून पुन्हा, किण किण. मागोमाग बाईंचा दबका आवाज, गाण्यातला नव्हे, बोलण्यातला, "भले."

हे 'भले' सोलापुरातल्या सगळ्या रसिकांना पाठ आहे. देशमुख सर ते दरवर्षी सांगतात. बाईंचं मन केवढं मोठं, गाता गाता तबलजीला दाद दिली, भले. मीही ते ऐकूनच होते. कारण ती जागा यायची तेव्हा आमच्या घरात झाकण पडलेलं असायचं.

पण तबला तर अजून सुरूच झाला नव्हता. मग दाद कुणाला?

मी ह्यांच्याकडून मोबाइल घेतला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मला लग्नातली आठवण झाली. मी अकलूजची, कानडीचा गंध नसलेली. चुडा भरताना मी हात आखडून घेत होते, तेव्हा याच आत्या माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "बळे हाक्को." तेच या घरातलं मी शिकलेलं पहिलं कानडी.

"अहो, बळे म्हणजे बांगड्याच ना?"

"हो. का?"

"ऐका."

त्यांनी कानाला लावून ऐकलं. मग खुर्चीवर बसले. "भले नाही गं हे, बळे," म्हणाले. "बाईंचं घरही कानडीच होतं."

माझी तपासणी तिथे संपत नव्हती. मी विचारलं, मोठ्या बाईंपुढे तंबोऱ्याला बसायचं तर शिष्या बांगड्या काढून का बसली नाही? त्यावर ह्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आत्यांचं लग्न ठरलं आणि बाईंकडे जाणं बंद झालं, पण ते ध्वनिमुद्रण आधीच ठरलेलं होतं म्हणून शेवटचं एकदा पाठवलं होतं, असं यांच्या आजी सांगायच्या. म्हणजे हिरवा चुडा भरलेला. तो उतरवता येत नाही. मनगटाच्या वर, कोपराकडे सारून बसल्या असतील. बांगड्या हळूहळू घरंगळून खाली आल्या असतील... पुढे जन्मभर रिकामं मनगट खालून वर चोळत राहिल्या, ते मलम आणून बरं होण्यातलं नव्हतं.

आपण तिथे होतो हे त्यांना जगाला सांगायचं होतं, आणि ते सिद्ध करणारी एकच जागा त्यांनी दरवर्षी झाकण पाडून झाकली. एवढ्याशा किणकिणीची केवढी ती लाज. दुसरी एखादी चुडा भरलेली मुलगी तिथे असू शकते, हे मला कळतं. पण तिला आमच्या स्वयंपाकघरात जाऊन डबा पाडायचं कारण नव्हतं. याहून कमी पुराव्यावर मी दावे मंजूर केले आहेत.

गवसणी संध्याकाळी वाळली. तिला इस्त्री केली.

रविवारी सकाळी तंबोरा रिक्षात मांडीवर आडवा घेऊन मी सभागृहात गेले. देशमुख सर माईक तपासत होते. त्यांना बाजूला घेऊन मोबाइल कानाशी धरला. "तेच हो, भले," ते कौतुकाने म्हणाले. मी म्हटलं, "सर, तबला कुठाय?" ते पुन्हा ऐकायला लागले. त्यांचा चेहरा बदलेपर्यंत मी थांबले आणि म्हटलं, "आत्या तंबोऱ्यावर होत्या. आता खुशाल सांगा."

स्टेजवर साथीला दोन मुली येऊन बसल्या होत्या. एकीने आमचा तंबोरा घेतला. तिच्या उजव्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. "त्या काढून दे माझ्याकडे," मी म्हटलं, "गाणं झालं की परत देते." तिने निमूट काढून दिल्या. मी त्या पर्समध्ये ठेवल्या आणि पेन काढलं.

"नाव सांग तुझं. आडनावासकट. माईकवरून घ्यायचंय."