सुटकेसएवढा कॉम्प्युटर अन् एक अक्षत

राठोड सरनं प्लग लावला, बटनावर बोट ठेवलं, अन् मी सरळ त्यांचा हात धरला. दारव्ह्याच्या आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हात धरायची माझी पयलीच वेळ.

टेबलावर होता पोर्टेबल कॉम्प्युटर. पोर्टेबल म्हणजे शिलाई मशीनएवढा, वरतून हँडल. झाकण काढलं की तोच कीबोर्ड. मधात पोस्टकार्डाएवढा स्क्रीन, दोन बाजूले दोन फ्लॉपी ड्राइव्ह. हार्ड डिस्क नाहीच, चालू व्हायलेही फ्लॉपी लागते. मी हे फक्त व्हिडिओत पाह्यलं होतं. आतून नुसत्या उड्या मारून राह्यली होती मी.

सर रिटायर मास्तर. त्यांच्या याडीचे, म्हणजे आईचे, ढावलो त्यांनी मशीन चालू होतं तवा यावर इंग्रजी अक्षरांत टाइप केलते. ढावलो म्हणजे तांड्यातली नवरी निघताना रडत म्हणते ते गाणं. याडी गेली, गाण्याची वही वाळवीनं खाल्ली, उरली एक फ्लॉपी. अन् नातीचं लग्न आठ दिवसांवर.

इतकी वर्सं बंद मशीन एकदम चालू केलं की पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर फुटतात. म्हणून हात धरला. दोन कपॅसिटर बदलले. मग सिरीज बल्ब लावला. आत शॉर्ट असला की हा बल्ब फुल पेटून राह्यते, अन् मशीन वाचते. आमचा बल्ब भक्कन पेटला अन् मंद झाला. स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली, फ्लॉपी मागून राह्यली होती.

सरनं गाण्याचीच फ्लॉपी काढली. भाऊ, म्हणजे आमचे मालक, तिकडून बोलले, "सर, ते राहू द्या. ड्राइव्हनं घासली त गाणी गेली."

पयले चालू करायची फ्लॉपी टाकली, तिच्या दोन कॉप्या होत्या. ड्राइव्ह कट्ट कट्ट करे, वाचेना. वाचणारं हेड पुसलं त कापूस लाल. मले वाटलं गंज. भाऊनं वास घेतला. कुंकू.

"सर, तुम्ही याची पूजा करता काय?" भाऊनं इचारलं.

"दरवर्षी दसऱ्याले. अवजार हाय न ते."

"बंद पडल्यावर बी?"

"म्हातारा बैल पोळ्याले सजवत नाही काय तुम्ही?"

नंतरच्या मॉडेलात पंखा आला म्हणतात. हे सुरुवातीचं, याले पंखाच नाही, गरम हवा जायले वरून उघडी जाळी. इतक्या दसऱ्यांचं हळद-कुंकू त्या जाळीतून आत.

हेड साफ झालं तरी कट्ट कट्ट. भाऊ म्हणले, ड्राइव्ह गेला, सरले सांगून टाक. मी नाही सांगितलं. टॉर्च लावला, बोटानं हेड हळूच सरकवलं. फ्लॉपीवर गोल रेघा असतात, हेडले सगळ्यात बाहेरच्या रेघेपासून सुरुवात करा लागते. आमचं हेड तिथं पोचायच्या आधीच अडे. हेड ज्यावर सरकते त्या पट्टीच्या टोकाले, जुन्या ग्रीसमध्ये, तांदळाचा एक दाणा रुतून बसलता. लाल. अक्षत.

चिमट्यानं काढला. फ्लॉपी एका झटक्यात वाचली.

मग गाण्याची फ्लॉपी टाकली. सर रस्त्याकडे पाहून राह्यले होते. मी म्हणलं, "सर, आली." त्यांनी चष्मा लावला, पयली ओळ वाचली, दुसरी वाचता वाचता चालच लागली. भाऊनं सोल्डरिंग गन खाली ठेवली.

मशीनच्या पोर्टातून वायर लावून सगळी गाणी मी माझ्या लॅपटॉपात उतरवली अन् प्रिंट काढले. लग्नाले गेलती मी. नवरीनं तोच कागद हातात धरून ढावलो म्हटला. एक कडवं चुकलं, ते म्हाताऱ्या बायांनी सांभाळलं. सरनं तिथं सगळ्यायले माझी ओळख "आमची इंजिनियर" अशी करून देली. मी आयटीआय हाय. दुरुस्त नाही केलं.

मशीनची पूजा जरूर करा. औंदा दसऱ्याले भाऊ अक्षता घेऊन टेबलाकडे निघाले, तवा मी पयले सगळ्या मशीनीवर पॉलिथिन टाकलं.