उठतो कसा ते बघ

मैदानावर चेंडू ज्या बाजूला जातो त्या बाजूला सगळ्यांच्या माना वळतात. भालचंद्र ठोसरांची मान तेवढी वळत नसे. दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, एक आडवा झाला, चेंडू पुढे निघून गेला, लोक ओरडत उभे राहिले, तरी ठोसरकाका त्या आडव्या पडलेल्या मुलाकडेच बघत बसलेले असायचे. तो उठून, चिखल झटकून, पुन्हा धावायला लागेपर्यंत त्यांची नजर हलत नसे. मग थर्मासातल्या चहाचा घोट घेऊन ते मला म्हणायचे, "पडतो कसा, ते सारेच पाहतात. तू उठतो कसा ते बघ."

मी २०१४ साली पुण्याहून डब्लिनला आले ती सॉफ्टवेअर लिहायला. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडीपुरता. ग्रँड कॅनाल डॉकच्या काचेच्या मोठाल्या इमारतींच्या मागे, एका गल्लीत आमची छोटी कंपनी होती. आयर्लंडमधली कॉलेजची मुलं गेलिक फुटबॉल, म्हणजे हातपाय दोन्हींनी खेळायचा इथला फुटबॉल, खेळतात, हौसेने, बिनपगारी. त्यातल्या चांगल्या मुलांवर ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक क्लबांचा डोळा असतो, कारण तिकडचा खेळ याचा सख्खा नाही तरी चुलतभाऊ आहे. दरवर्षी तिकडे नव्या खेळाडूंची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी इथल्या कुठल्या मुलाला न्यावं आणि कुणाच्या वाटेला जाऊ नये, हे आमची कंपनी क्लबांना कळवायची. सॉफ्टवेअर माझं आणि डोळे काकांचे.

पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं. त्यांनी मागे वळून बघितलं. "कोण सर? इथं तर मी एकटाच बसून राहिलोय बाप्पा. काका म्हण." नागपूरचा माणूस, वय पन्नाशीच्या आसपास, विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेला, नंतर इंजिनिअर झालेला. माझ्या पुणेरीपणावर त्यांचा विशेष लोभ होता. मी डबा उघडला की म्हणायचे, "दोन पोळ्या अन् एवढीशी भाजी. पाहुण्याला वास तरी देता काय गं तुम्ही लोक?" आणि त्यांच्या बायकोने, वसुधाकाकूंनी, दिलेला झणझणीत ठेचा माझ्या पोळीवर थापायचे. मी रागावले की आणखी खूश व्हायचे.

शनिवारी आम्ही त्यांच्या गाडीतून कुठल्या ना कुठल्या मैदानावर जायचो. पाऊस आडवा यायचा, आणि काका डोक्यात तपकिरी माकडटोपी घालून बसायचे. या देशात तोंड झाकणाऱ्या टोप्या बंदूकवाले घालायचे, तिच्या जुन्या आठवणी चांगल्या नाहीत, हे त्यांना मी सांगून दमले. एकदा दारावरच्या म्हाताऱ्याने ती काढायलाच लावली. "थंडी वाजते साहेब," एवढंच काका इंग्रजीत म्हणाले, आणि आत गेल्यावर पुन्हा चढवली.

पण लोक त्यांना बिचकायला लागले ते टोपीमुळे नव्हे. एका गावच्या संघात एक उंच, देखणा मुलगा होता, हवेत उडी मारून चेंडू झेलायचा तेव्हा माझ्यासारखीलाही टाळी वाजवावीशी वाटायची. सगळे म्हणत, हा गेलाच ऑस्ट्रेलियाला. काकांनी नाही म्हणून कळवलं. "डावा पाय टेकवायच्या आधी जमिनीला विचारून राहिलाय तो," ते म्हणाले. मी सामन्याची फीत पुन्हा पुन्हा बघितली, मला काही दिसलं नाही. मुलाला क्लबांनी घेतलं नाही, त्याच्या गावाने काकांना शिव्या घातल्या. पुढच्या हिवाळ्यात गावच्याच सामन्यात, जवळपास कुणी नसताना, त्याचा डावा गुडघा निखळला. असं आणखी एकदोनदा झालं. मग काका मैदानात शिरले की प्रशिक्षक एकमेकांना कोपरखळी मारायचे, "युअर मॅन आला. आज कुणाचा नंबर?" युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो बुवा'. हसून म्हणायचे, पण आपापल्या पोरांना आमच्या बाकापासून लांब घेऊन जायचे. एका आईला तर छातीवर क्रॉसची खूण करताना मी पाहिलं.

मला ते हसणं सहन व्हायचं नाही. मी एकदा चिडून विचारलं, "तुम्हाला दिसतं तर त्या मुलाला का नाही सांगत? गुडघा त्याचा आहे ना?"

"खेळाडूला सांगायचं नाही," काका म्हणाले. हे वाक्य ते नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणायचे. "आपण पाहायचं, लिहायचं, पाठवायचं. ज्यांनी नेमलं त्यांचं ते. पोराला सांगत सुटलो तर उद्या कोण दारात उभं करणार आपल्याला?"

त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. कराराच्या कागदावरही तेच होतं. तरी मला ते कधी पटलं नाही, आणि त्यांनाही पूर्ण पटलेलं नसावं असं मला वाटायचं.

चार वर्षांत त्यांचा डोळा थोडाफार मला आला. ही काही चांगली गोष्ट नव्हे. बसमधून उतरणारी म्हातारी, डार्ट लोकलच्या फलाटावर बाकावरून उठणारा माणूस, मी सगळ्यांचे पाय बघायला लागले. आणि २०१८च्या गुढीपाडव्याला मी ठोसरकाकांचे पाय बघितले.

ते ड्रोहेडाला राहत. वसुधाकाकू तिथल्या मराठी घरांना दिवाळीचा फराळ आणि सणासुदीला पुरणपोळ्या करून देत, त्यामुळे पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला जायची माझी प्रथाच पडली होती. दाराबाहेर नेहमीसारखा चपलाबुटांचा ढीग होता. आत काका गुढीपुढे उभे होते, बूट घालून. नाड्या घट्ट बांधलेले, घोट्याच्या वर येणारे बूट. एकदा मी चुकून बुटांनिशी त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला होता तेव्हा ज्या माणसाने मला फरशी पुसायला लावली होती, तो माणूस.

"बघ ना गं मुक्ता," काकू पुरणाचं ताट माझ्या हातात देत म्हणाल्या. "हल्ली घरातही काढत नाहीत. गार लागतं म्हणे. चपला आणल्या, मोजे आणले, काही चालत नाही. देवासमोर तरी काढावेत की नाही?"

"देवाला चालते," काका म्हणाले आणि हसले. मग जेवायला बसायला खुर्चीकडे गेले. उजवं पाऊल जरा उशिरा उचललं गेलं, आणि त्याचा पुढचा भाग फरशीला घासला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलंय हे त्यांना कळलं. चप्पल त्या पायात राहत नव्हती, म्हणून बूट होते. त्यांना माहीत होतं, आणि काकूंना त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर कासलबारचा सामना आला. देशभरातल्या कॉलेजांमधून वेचून काढलेली मुलं दोन संघांत वाटून खेळणार होती, आणि ऑस्ट्रेलियातून दोन क्लबांची माणसं मुद्दाम आली होती. सगळ्यांची नजर शेन नावाच्या विशीतल्या मुलावर होती. त्याची आई घरून सँडविच करून आली होती आणि आमच्या पुढच्याच रांगेत बसून ओळखपाळख नसलेल्यांनाही वाटत होती. मलाही तिने एक दिलं.

मध्यंतराच्या जरा आधी शेनच्या डोक्याला समोरच्याचं कोपर लागलं. तो पडला आणि ताडकन उठला. आई टाळ्या वाजवत म्हणाली, "ही इज ग्रँड!" म्हणजे ठणठणीत आहे. मध्यंतराची शिट्टी वाजली, मुलं आपापल्या बाजूला निघाली. शेन निघाला तो दुसऱ्या संघाच्या घोळक्याबरोबर. चार पावलं गेल्यावर थबकला, आजूबाजूच्या जर्सी बघितल्या, हसला आणि माघारी फिरला. त्याचे मित्रही हसले.

"बाप्पा," काका म्हणाले. "पोरगा हरवला गं."

"सांगा मग कुणाला तरी."

"खेळाडूला..." ते म्हणाले आणि थांबले.

"पुन्हा डोक्याला लागलं तर?"

चहाचं निमित्त करून काका उठले. आधी हात कठड्यावर, मग डावा पाय, मग मांडीला धरून उजवा. मला राहवलं नाही.

"काका, उजवा पाय," मी म्हटलं. "पाऊल उचलत नाही तुमचं. थंडीपासून."

"चुकलीस. गेल्या पावसाळ्यापासून." त्यांनी माकडटोपी काढून हातात घेतली. चेहरा एकदम म्हातारा दिसला. "आता हातही फडफडून राहिलाय. डॉक्टरकडे जाऊन आलो मी एकटाच. काय आहे ते माहीत आहे. स्नायू एकेक करून मरतात, औषध नाही. तू कोणाला पाठवणार हा रिपोर्ट? वसुधाला?"

"नाही. मी खेळाडूलाच सांगितलंय," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता. "काकूंना तुम्ही सांगायचंय. त्या तुमच्यासाठी चपला शोधत फिरतायत, काका."

त्यांनी टोपी माझ्या मांडीवर टाकली आणि ते कठड्याच्या फटीतून मैदानात उतरले.

भर मैदानातून, ओल्या गवतावरून ते शेनच्या संघाकडे चालत निघाले. कुणीतरी हाक मारली. ऑस्ट्रेलियाची माणसं उभी राहून बघायला लागली. अर्ध्या वाटेवर उजवं पाऊल चिखलात अडकलं आणि काका तोंडावर पडले. काही लोक हसले. त्यांना उठता येईना. दोन्ही हात टेकले, एक गुडघा आला, पुन्हा बसले. सगळं मैदान बघत होतं, आणि जन्मभर दुसऱ्यांना उठताना बघणारा तो माणूस चिखलात ओणवा होता. त्यांच्याकडे सगळ्यात आधी धावत गेला तो शेन.

त्याने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. काकांनी त्याचा दंड सोडलाच नाही. त्यांनी त्याला काय विचारलं ते मला नंतर कळलं: तू कुणाविरुद्ध खेळतोयस? शेनला सांगता आलं नाही. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या प्रशिक्षकाने ते ऐकलं, आणि शेन त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरला नाही.

गाडीशी त्याची आई आम्हाला गाठून ओरडली. तिच्या मुलाचं आयुष्य आम्ही बरबाद केलं, असं म्हणाली. क्लबांची माणसं आमच्याशी न बोलताच गेली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून मिळणारं आमचं कामही गेलं. शेनच्या मेंदूभोवती रक्त साकळायला लागलं होतं, हे त्याच संध्याकाळी इस्पितळात निघालं. दुसरा फटका बसला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी आईला सांगितलं. नंतर ती घरी केलेला ब्रेड घेऊन ड्रोहेडाला आली आणि काकूंच्या ओट्यापाशी उभी राहून रडली.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. गाडी मी चालवत आणली. घराच्या दाराशी पायरीवर बसून काकांनी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट बाहेरच्या ढिगात ठेवले. काकूंनी आणलेल्या नव्या चपला दाराच्या आतच होत्या. त्या पायात सरकवून ते स्वयंपाकघराकडे निघाले. डावी चप्पल त्यांच्याबरोबर गेली. उजवी पायपुसण्यावरच राहिली.

काकूंनी ती उचलली. चपलेकडे बघितलं, मग त्यांच्या पायाकडे. "काय झालं हो?" त्या म्हणाल्या.

"बस इथं," काका म्हणाले. "सांगतो."

मी बाहेरून दार ओढून घेतलं.

त्यानंतर दीड वर्ष. आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं. मी शनिवारी जायचे, आम्ही तिघं टीव्हीवर सामने बघायचो. कुणी पडलं की काका उठेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे, आणि नीट उठला की डोळे मिटायचे. काकूही तसंच बघायला शिकल्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "यांनी आधी सांगितलं असतं तर मी आणखी भांडले असते. पण बरोबर राहिले असते गं."

२०१९च्या शरदात काका गेले. डब्लिनच्या दाहगृहात आमची वीसएक माणसं होती. गुरुजींचे मंत्र चालू होते. मागच्या बाकावर शेन आणि त्याची आई येऊन बसले होते. शेन आता खेळत नाही, कुठल्याशा शाळेत शिकवतो. मंत्र संपले, पडदा सरकायला लागला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या.

माझी वळली नाही. मी मागे शेनकडे बघत होते. त्याने हात मांडीवरच ठेवले, दोन्ही पाय टेकवले आणि सरळ उभा राहिला.

"काकू, नीट उठला," मी हळूच म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीपण तेच बघत होते."