दातखीळ

तांदळाची पेज शिजायचा वास आला की मला थोरली बहीण आठवते. उरणच्या मिठागरात तिच्या पायात गंजका खिळा घुसला आणि आठवड्याभरात तिची दातखीळ बसली. इस्पितळात आई तिच्या दातांतून चमच्याने पेज घालू बघत होती. डॉक्टर म्हणाले, "जोर करू नका. चावायचे स्नायू आखडलेत, जबडा आणखी आवळेल, जीभ चावली जाईल." आईने विचारलं, "पन पोर हसते हाय ना?" "ते हसू नाही, बाई. स्नायूंनी ओठ ओढलेत." बहिणीला सगळं ऐकू येत होतं, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली. आई मात्र मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, "माझी पोर हसत गेली." ते खरं नव्हतं हे जाणणारी आता मी एकटीच उरले आहे.