धबधब्यातलं गाऱ्हाणं

वाद घालायला बाह्या सरसावून बसलेल्यांसाठी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो — माझा देवावर, भुतावर, कौलावर, नजर लागण्यावर, कशावरही विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिलेलं नाही, 'नाही' लिहिलंय. खाली जे सांगणार आहे ते घडल्यानंतरही नाही. तेव्हा "आता तरी पटलं ना?" अशा प्रतिक्रिया कृपया नकोत... आणि "पाण्याच्या आवाजात भास होतात हो" असं शिकवायलाही कुणी येऊ नये. ते मला तुमच्या आधी सुचलेलं आहे.

मी दिवेकर. मूळचा चिंचवडचा. २००५ साली कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. राहायला रिग्गईत आणि साइट सबाह अल-सालेमला, एका सात मजली इमारतीची. माझं काम म्हणजे दिवसभर लोकांच्या मागे लागणं. हेल्मेट कुठाय, हूक लावला का, पट्टा दाखव. शंभरेक हार्नेस, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधायचे पट्टे, रोज माझ्या हाताखालून जात. कमरेवर दोन्ही हात ठेवून मी ओरडायला उभा राहिलो की गँगमधली माणसं एकमेकांना सांगत, "कढई इली रे." दोन कानांची कढई! मला सगळं कळत होतं, पण मी कळल्याचं दाखवत नसे.

परांची बांधणारी ही गँग कुडाळकडची. नऊ जण, बायकामुलं गावी, सगळे मिळून एका खोलीत राहणारे. त्यांचे मुकादम महादेव परब. छप्पन वर्षांचा, वाळक्या लाकडासारखा माणूस. यांचा रोजचा शिरस्ता असा, की सकाळी वर चढण्याआधी परबांनी गाऱ्हाणं घालायचं. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी — एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला इतरांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. कुवेतमध्ये नारळ वगैरे काही नाही. पाइपांच्या ढिगाआड उभं राहून, हेल्मेट काढून, हलक्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या परमुलखात ही तुझी लेकरां वर चढतत..."

"व्हय म्हाराजा."

"तेंचो पाय घसरलो तर तुझो हात खाली असांदे..."

"व्हय म्हाराजा."

गँगमधला एकटा दाभोळचा, अन्वर, तोही त्यात उभा असायचा. तो म्हणायचा काही नाही, हात पुढे बांधून खाली बघत राहायचा.

माझं डोकं फिरलं ते एका सकाळी. गँगमधला एक जण चौथ्या मजल्याच्या उंचीवर हूक न लावता काम करत होता. खाली बोलावून झापलं, तर तो मला म्हणतो, "गाराणा घातला मां, सायबानू!" म्हणजे देवाला कळवून झालं, आता हूक कशाला? त्याच दिवशी मी गाऱ्हाण्यावर बंदी घातली आणि परबांना पहिलं वॉर्निंग लेटर दिलं. महिन्याभराने पुन्हा सापडले, दुसरं दिलं. आमच्याकडे तिसरं पत्र म्हणजे व्हिसा कॅन्सल आणि मुंबईचं तिकीट. छप्पन वर्षांच्या माणसाला पुन्हा कोण व्हिसा देणार? हे मला ठाऊक होतं. तरीही जूनमध्ये मी सुट्टीवर निघालो त्याच्या आदल्या सकाळी ते पुन्हा पाइपांच्या आड दिसले. मी नेहमीसारखा मध्येच "चला, चला, बस झालं" ओरडत गेलो, आणि दुपारी बसून तिसरं पत्र टाइप केलं. सही तेवढी बाकी ठेवली. आल्यावर करू म्हटलं, आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

आज कुणी विचारलं तर सांगेन, हूक न लावणाऱ्याला झापलं त्यात माझं काही चुकलं नव्हतं.

आम्ही गेलो मॉरिशसला. मी, बायको सुनंदा आणि चौदा वर्षांची केतकी. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, काळा खडक, उसाची शेतं. माझा बेत समुद्रकिनारी पडून राहण्याचा होता. पण हॉटेलात केतकीच्या हाती एक पत्रक लागलं. दोराला लटकून एकामागून एक धबधबे उतरायचे आणि घळीच्या तळाशी पोचायचं, गाइड बरोबर असतो. कॅन्यनिंग म्हणतात त्याला. मी नको म्हणताच कार्टी म्हणाली, "बाबा, यू ओन्ली मेक अदर पीपल क्लाइंब. तू स्वतः कधी चढलायस?"

सुनंदा हसली. "बरं बोलली. उत्तर दे की आता!"

नाव घातलं दोघांचं.

सुनंदा वर गाडीपाशी थांबली. आम्ही पाच जण उतरलो — मी, केतकी, एक इटालियन जोडपं आणि गाइड ज्याँ-मार्क. पन्नाशीचा, पांढरी दाढी, मोजकं बोलणारा. खाली तळाशी त्याची साथीदार बाई दोर धरायला होती. निघण्याआधी ज्याँ-मार्कने प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. पहिले दोन धबधबे मजेत झाले. खरं सांगतो, आवडलं मला. पाणी बर्फासारखं, खडक गुळगुळीत, आणि खालून केतकी ओरडत होती, "गो बाबा!" पोरीने असं कौतुकाने बघून किती वर्षं झाली होती.

तिसरा धबधबा सगळ्यात उंच होता. आमच्या सात मजली इमारतीपेक्षा थोडाच कमी. केतकी आणि इटालियन नवरा आधी उतरले. त्या गार पाण्याने जे व्हायचं ते झालं होतं, म्हणून मी एका खडकाआड जाऊन हार्नेस उतरवला, मोकळा झालो आणि परत चढवला. ज्याँ-मार्क त्या इटालियन बाईला दोरावर सोडत होता. ती उतरल्यावर त्याने माझ्या कमरेकडे हात केला. मी त्याचा हात बाजूला सारला. वर हसून म्हणालोसुद्धा, "माय फ्रेंड, आय चेक हंड्रेड ऑफ दीज एव्हरी डे."

आमच्या धंद्यातला जुना रोग आहे हा. दुसऱ्याचे शंभर पट्टे बघणाऱ्याचा पट्टा कुणी बघत नाही, आणि त्यालाही तो दाखवायचा नसतो.

दोर अडकवला. पाठ दरीकडे, टाचा कड्यावर. ज्याँ-मार्कने हाताने खूण केली, मागे झुका. खूणच करावी लागते, कारण तिथे पाण्याच्या आवाजात हाताभरावरचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तर त्याच्या गळ्यात शिट्टी होती. मी गुडघे सैल केले...

आणि ऐकलं.

"व्हय म्हाराजा."

लांबून नाही, घुमून नाही. पाइपांच्या ढिगापलीकडून यायचं तसं, स्वच्छ. आठ-नऊ जणांचा आवाज. मग पुन्हा एकदा, "व्हय म्हाराजा." आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागाहून, एकटाच एक जाड, घोगरा आवाज. ताल चुकलेला, शब्द तोंडात न बसलेला — "वय माराऽगाऽ!"

त्यावर हशा पिकला. पोट धरून हसणारी माणसं, नऊच्या नऊ.

मी घाबरलो असं तुम्हाला वाटेल. छे! मला संताप आला. मी इथे कड्यावर उभा, आणि ही माणसं हसतायत? झुकलेला मी सरळ झालो, एक पाऊल पुढे आत आलो आणि वळून कमरेवर दोन्ही हात ठेवले. सवय हो. ओरडायचं म्हटलं की माझे हात कमरेवर जातात. उजव्या हाताला पट्ट्याचं टोक लागलं. लोंबत होतं.

ज्यांनी हार्नेस वापरलाय त्यांना कळेल. त्या बनावटीच्या बकलमधून पट्टा एकदा घातला की उलटा फिरवून परत घालायचा असतो. मी एकदाच घातला होता. वजन पडलं असतं की ओला पट्टा सरकन निसटला असता. रोज शंभर माणसांना शिकवतो ते मी स्वतः विसरलो होतो. मी पाण्यातच खाली बसलो. ज्याँ-मार्कने धावत येऊन बघितलं, पट्टा नीट केला, तीन वेळा ओढून पाहिला. नंतर तळाशी पोचल्यावर त्याने एवढंच विचारलं, "तुला कुणी हाक मारली का? तू तसा वळलास." घळीत त्या दिवशी आमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं. केतकीला काही ऐकू आलं नव्हतं.

"मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत, सहलीला आले असतील..." हो, आहेत. हाही विचार करून झालाय. पुढे वाचा.

रात्री हॉटेलच्या कागदावर मी स्वतःविरुद्ध निअर-मिस रिपोर्ट लिहिला. साइटवर एखादा अपघात थोडक्यात टळला की लिहितो तसा. ठिकाण, कारण, वेळ. वेळ सकाळी दहा पस्तीस. आवाजांचं त्यात काही लिहिलं नाही. काय लिहिणार, कपाळ!

कुवेतला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी साइटवर गेलो. ड्रॉवरमधलं पत्र खिशात होतं. सही करायची की नाही ते ठरत नव्हतं, हे कबूल करतो. गेटमधून आत शिरतो तोच क्रेनच्या केबिनमधून महमूद ओरडला. महमूद म्हणजे आमचा इजिप्शियन क्रेन ऑपरेटर, दीडशे किलोचा गडी. तोवर त्याचं माझ्याशी बोलणं "सबाह अल-खैर, या बाशमुहंदिस", म्हणजे 'सुप्रभात, इंजिनियरसाहेब', एवढंच. त्या दिवशी मात्र छातीवर हात मारून तो म्हणाला, "वय माराऽगाऽ!"

तोच आवाज. तोच ताल चुकलेला, तोच घोगरा. माझ्या हातातली फाइल खाली पडली.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी मोडक्या अरबीत विचारलं.

महमूद खाली उतरून आला. त्याने हातवारे करत सांगितलं, की मी सुट्टीवर असताना एक दिवस पहाटेपासून धुळीचं वादळ होतं. क्रेन बंद ठेवली होती. वारा पडल्यावर लोखंडी तुळया उचलायच्या होत्या आणि त्याला धीर होत नव्हता. परबांची गँग घोळका करून उभी दिसली. हाही जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर त्याने एकट्याने म्हटलं, आणि सगळे हसले.

"किती वाजता?"

त्याने केबिनमधून क्रेनची लॉगबुक आणून दिली. तारीख आमच्या घळीतल्या दिवसाची. 'वादळामुळे काम बंद. पुन्हा सुरू, ९.३५.' मॉरिशसचं घड्याळ कुवेतच्या एक तास पुढे असतं.

आता या सगळ्याला भास म्हणा. परबांच्या गँगचा आवाज मी दोन वर्षं रोज ऐकत होतो, तो माझ्या डोक्यात होताच, मान्य. पण महमूदचं ते ओरडणं? ते त्या दिवसाआधी या जगात कुठेच नव्हतं. ते माझ्या डोक्यात कुठून येणार?

मी परबांना गाठलं. ते पाइप मोजत होते. मला बघून त्यांनी हेल्मेट काढलं. तिसऱ्या पत्राची कुणकुण त्यांना लागलीच असणार. मी घळीतलं सगळं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना पहिल्यांदा सांगितलं. वाटलं, हा माणूस आता हात जोडेल, रडेल, देवाचं नाव घेऊन मला चार शब्द ऐकवेल.

परब म्हणाले, "बरा झाला, पट्टो बघितल्यात ता."

"अहो, पण परब... तुम्ही त्या दिवशी नेमकं काय मागितलंत? माझं नाव घेतलंत का?"

"घेतला तर. रोजच घेतंव."

"रोज म्हणजे?"

"पयल्या दिसापासून, सायबानू. सगळ्यात शेवटाक. 'आमचे दिवेकर सायब आमच्यासाठी वरडान वरडान घसो सुकयतत, तेंका राखून घे म्हाराजा.' तुमी कधी शेवटापर्यंत आयाकल्यातच नाय. मदीच येवन 'चला चला' करतात."

"मी वॉर्निंग दिली त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण. वॉर्निंग काय, ती तुमची ड्युटी."

त्यांनी हेल्मेट परत डोक्यावर चढवलं आणि पाइप मोजायला लागले. मी शेडमागे जाऊन उभा राहिलो. चाळीस वर्षांचा बाप्या, पण रडलो. लाज वाटली म्हणून रडलो, दुसरं काही नाही.

पत्र फाडलं. मॅनेजरला लिहून दिलं, की परबांच्या गँगचा सकाळचा दहा मिनिटांचा सेफ्टी टॉक यापुढे मराठीतून होईल आणि त्याची जबाबदारी माझी. "देअर इज नो सच प्रोसिजर," तो म्हणाला. मी म्हटलं, आजपासून आहे, हवं तर मला वॉर्निंग लेटर द्या. दिलं त्याने! अजून जपून ठेवलंय. गँगला मी एकच अट घातली. शेवटचं "व्हय म्हाराजा" झालं, की प्रत्येकाने शेजारच्याचा पट्टा ओढून बघायचा. माझाही. माझा पट्टा अन्वर बघायचा, आणि जरा जोरातच ओढायचा.

परब त्यानंतर तीन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने गावी गेले. तोपर्यंत रोज मी त्या घोळक्यात शेवटापर्यंत उभा राहिलो. "व्हय म्हाराजा" मात्र एकदाही म्हटलं नाही. देव मानत नाही तर खोटं कशाला म्हणू? माझं नाव यायचं तेव्हा खाली बघायचो, अन्वरसारखा.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वीस वर्षं होत आली, अजून मिळालेलं नाही आणि उगाच एखादं चिकटवून मोकळा होणार नाही. ज्यांना हे वाचून हसू येतंय त्यांनी खुशाल हसावं. त्या दिवशी नऊ माणसं हसली नसती, तर मी पूर्ण मागे झुकलो असतो.