मशीनमधला आवाज

माझी सॉफ्टवेअर कंपनी बुडाली, तेव्हा वसईतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मला त्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात पगारपत्रकं करायला ठेवलं. पहिल्याच सकाळी दारावरच्या हजेरीच्या मशीनमधून माझाच आवाज आला, तरुण आणि उत्साही: "नवीन कामगार, स्वागत आहे!" ते मशीन आम्हीच विकलं होतं. खर्च वाचवायला आवाजही मीच दिला होता. हंगामी कामगाराला तीन महिन्यांनी काढायचं आणि चार दिवसांनी नव्या नंबरावर परत घ्यायचं, म्हणजे भरपगारी रजा द्यायला नको. ही सोय तेव्हा याच मालकाने मागितली आणि मी हौसेने मशीनमध्ये करून दिली. कसला हुशार होतो मी!

आता तो आवाज मी रोज ऐकतो. जेवतानाही तो कानात असतो.

आगाशीहून येणारी पॅकिंगमधली एक बाई नऊ वर्षं त्या मशीनवर अंगठा ठेवते आहे. परवा ती लेकीच्या बाळंतपणासाठी रजा मागायला आली. स्क्रीनवर दिसलं तेच मी वाचलं, "मावशी, तुम्ही नवीन कामगार आहात."

ती दचकली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तो आवाज तुमचा?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्सं मला वाटायचं, आत कुनी मानूस नाय."