क्लच केबल तुटली त्या सकाळी

सुनंदाला, माझ्या पत्नीला, पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर कितीतरी महिने मी देवापुढे रोज बसत होतो आणि रोज रिकामाच उठत होतो. देवावर रागावलो होतो असं म्हणवत नाही. रागवायलाही समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला नेमकं तेच वाटेनासं झालं होतं. दिवा लावायचो, पिंडीवर पाणी घालायचो, बेल वाहायचो. कान मात्र आतल्या खोलीकडे लागलेले असायचे. ती उठली का, तिला काही हवंय का. हवं असलं तरी ती सांगू शकत नव्हती. हातपाय पुष्कळसे सावरले, काठी घेऊन ती घरात फिरू लागली, पण वाचा गेली ती गेलीच. तिच्यापाशी एकच शब्द उरला होता, ‘बरं’. चहा देऊ का, बरं. नको का, तरीही बरं. जिने आयुष्यभर माझं एकही वाक्य विनातक्रार मान्य केलं नाही, ती आता सगळ्यालाच बरं म्हणत होती.

आम्ही वारज्यात राहतो. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात मनासारखी मोटरसायकल घेतली. तरुणपणी घर, मुलगी, आईची आजारपणं यांत ती हौस राहून गेली होती. सुनंदा म्हणाली होती, “आता गुडघे बोलायला लागल्यावर सुचलं का?” पण पहिल्या दिवसापासून माझ्यामागे बसली तीच. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा एक गटही जमला. रविवारी सकाळी हेल्मेट चढवून निघायचं, सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा मुळशीकडे कुठेतरी पोहे आणि चहा घ्यायचा, आणि गोळ्यांच्या वेळेआधी घरी परतायचं. रस्त्यांपेक्षा आमच्या गप्पा साखरेच्या, मोतीबिंदूच्या आणि कंबरेच्या पट्ट्यांच्याच जास्त. तरीही वाऱ्यावर निघालं की ते सगळं मागे राहिल्यासारखं वाटायचं. झटक्यानंतर मी जाणं सोडलं. गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली.

गटातले विनायकराव मधूनमधून येऊन बसायचे. गेल्या माघात असेच आले असताना त्यांच्या मोटरसायकलचा विषय निघाला. तिला त्यांनी बाजूला बसायचा डबा, म्हणजे साइडकार, जोडून घेतली होती. त्यांच्या पत्नीचे गुडघे गेलेले, मागे पाय टाकून बसता येत नव्हतं, म्हणून. पण ती माउली एकदाच बसली आणि “लोक वळून वळून बघतात” म्हणून पुन्हा बसायला तयार होईना. विनायकराव सुनंदाकडे बघून सहज म्हणाले, “वहिनी, रिकामीच फिरते हो ती. बसाल का?” सुनंदा म्हणाली, “बरं.” आता या एका शब्दाचा काय भरवसा? पण तिचे डोळे मी पाहिले. त्या महिन्यांत पहिल्यांदाच ते कशाकडे तरी लागलेले होते.

हा बेत कळताच विश्रांतवाडीहून मुलगी आली आणि आम्हा नवरा-बायकोला तिने चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या हृदयात स्टेंट, सुनंदाची ही अवस्था. “बाबा, तुम्ही दोघं मिळून एक धडधाकट माणूस होत नाही,” ती म्हणाली. ती बोलत होती ते खोटं नव्हतं. शेवटी तिनेच डॉक्टरांना विचारलं. हळू चालवा, गरम कपडे घाला, लांब जाऊ नका, एवढंच ते म्हणाले. मग मी विनायकरावांची गाडी मोकळ्या मैदानात शिकलो. साइडकारची गाडी वळणावर कलत नाही, हँडलच वळवावं लागतं. इतक्या वर्षांची अंगाची सवय मोडताना माझी पुरेवाट झाली. सुनंदा बाकावर बसून बघायची. मी एकदा थेट कुंपणात शिरलो तेव्हा तिचे खांदे हलताना दिसले. ती हसत होती.

जायचं ठरलं ते नसरापूरजवळच्या बनेश्वराला. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला गेलो ते तिथेच, एसटीने. झाडीतलं ते महादेवाचं देऊळ, कुंडातलं गार पाणी. मनात म्हटलं, पुन्हा त्याच्याच दारात घालू हिला. बघू, काही ऐकतो का. खरं सांगायचं तर ही प्रार्थना नव्हती, शेवटचं विचारून पाहणं होतं.

सोमवारी ऊन वर आल्यावर आम्ही निघालो. शाल, मफलर, हेल्मेट, मांडीवर उशी अशा थाटात सुनंदा साइडकारमध्ये बसली. मागून विनायकराव माझी मोटरसायकल घेऊन येत होते. बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या पुढे गेलो, तसं तिने डावा हात बाहेर काढून वाऱ्यात धरला. मी वेग आणखी कमी केला. मागचे ट्रक हॉर्न देऊन देऊन थकले असतील, पण तो हात वाऱ्यात असेपर्यंत माझ्याने वेग वाढवेना.

हमरस्ता सोडून फाट्यावरून आत वळलो आणि थोड्याच अंतरावर क्लचची मूठ हातात एकदम सैल झाली. केबल तुटली होती. कशीबशी गाडी कडेला घेतली. विनायकरावांनी डिकीतून जास्तीची केबल काढली, ती दुसऱ्याच मापाची निघाली. “मी फाट्यावर जाऊन घेऊन येतो. तुम्ही सावलीत बसा,” म्हणून ते गेले. शेजारी महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं, पत्र्याची शेड, पुढे ओटा. बनेश्वर तिथून फार लांब नव्हतं, पण आमच्या दृष्टीने ते दिसेनासंच झालं होतं. मी सुनंदाला हात देऊन ओट्यावर बसवलं.

जरा वेळाने ती चुळबुळ करू लागली. माझी बाही ओढली, पुन्हा ओढली. तिला बाथरूमला जायचं होतं. घरी ही खूण मला ओळखीची, पण इथे उघड्या रस्त्यावर मी काय करणार होतो? झाडीकडे उंचसखल जमीन, तिचा पाय अजून कच्चा, आणि मला वाकताना दम लागतो. ती बाही ओढत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. नको तो हट्ट केलास, मी स्वतःला म्हणत होतो. आयुष्यभर नीटनेटकं राहिलेल्या बाईवर ही वेळ आणलीस. त्या क्षणी देवळात देव आहे हेही माझ्या ध्यानात नव्हतं.

गाभाऱ्याच्या बाजूने एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. नऊवारी लुगडं, हातात शेवंतीची परडी. तिने सुनंदाकडे एकदा पाहिलं, परडी खाली ठेवली आणि म्हणाली, “चला ताई. मागंच घर हाय माझं.” मला म्हणाली, “तुम्ही बसा हितंच. बायांचं काम हाय.” सुनंदाच्या कमरेला तिने असा हात घातला, की जणू रोज हेच करत असावी. दोघी हळूहळू देवळामागे गेल्या. मी ओट्यावर बसून राहिलो.

त्या परत आल्या तेव्हा सुनंदाचं तोंड धुतलेलं होतं, केस विंचरलेले होते, कपाळावरची टिकली सरळ केलेली होती. बाईने तिला देवासमोर चटईवर बसवलं आणि हार करायला घेतला. सुनंदाला बोलता येत नाही हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, राहूनच गेलं. आम्ही सगळे तिच्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलायचो. वस्तू दाखवून नाव विचारायचो. ही बाई साधंच बोलत होती. “ताई, तुम्ही फूल द्या, मी ववते.” सुनंदा डाव्या हाताने एकेक फूल पुढे करू लागली. बाई फूल ओवायची आणि सुरावर म्हणायची, “शंभो महादेवा.” फूल, आणि “शंभो महादेवा.” मी रस्त्याकडे तोंड करून विनायकरावांची वाट बघत होतो.

मागे आवाज दोन झाले तेव्हा मला वाटलं, आणखी कोणी बाई आली. आवाज घोगरा, अडखळणारा होता. मी वळून पाहिलं. चटईवर त्या दोघीच होत्या. सुनंदा फूल पुढे करत होती आणि तिचे ओठ हलत होते. “शंभो महादेवा.” पहिल्या वेळी मोडकंतोडकं, मग सरळ, मग अगदी स्वच्छ. बाईला त्यात काहीच नवल वाटलं नाही, तिला माहीतच कुठे होतं? ती ओवत राहिली. मी जागचा हललो नाही. हललो तर थांबेल अशी भीती वाटली. शेडच्या खांबाला धरून मी रडलो, आवाज न करता. नंतर केव्हातरी विनायकराव केबल घेऊन आले आणि तेही माझ्याशेजारी तसेच उभे राहिले.

त्या दिवशी आम्ही बनेश्वरला गेलोच नाही. केबल बसवली, तो हार त्याच पिंडीवर वाहिला आणि घरी परतलो.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “असं होतं कधीकधी. पाठ असलेलं, सुरातलं आधी परत येतं. आपण आता त्याच वाटेने जाऊ.” त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या वाटेने खरंच शब्द येऊ लागले. पाणी, दार, मुलीचं नाव. माझ्या मनात एवढंच येतं, की ती वाट आम्हाला दवाखान्यात नव्हे, एका पत्र्याच्या शेडमध्ये सापडली, आणि तिथे थांबायचं आमच्या मनातही नव्हतं.

चैत्रात आम्ही पुन्हा तिकडे गेलो, त्या बाईसाठी लुगडं घेऊन. वाटलं होतं, ती तिथे रोज देवाची सेवा करत असेल. विचारलं तर ती हसायला लागली. “कुठलं हो! मी काय देवळात बसनारी न्हाय. शेतातली कामं उरकत न्हाईत. त्या दिशी सुनंशी भांडन झालं व्हतं. चुलीजवळनं उठले, दारची शेवंती खुडली आन् हितं येऊन बसले. मनात म्हनलं, आता दिवसभर घरात पाऊल टाकायचं न्हाय. पर ताईंना बघून गेलेच.” मग भांडण कशावरून झालं ते तिने साग्रसंगीत सांगितलं. सून भाजीत कूट घालत होती, हिला ते नको होतं, त्यावरून पार सुनेच्या माहेरापर्यंत विषय गेला.

सुनंदा मन लावून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने तोंड उघडलं, शब्द शोधला, सापडेना, डोळे मिटून पुन्हा शोधला. आम्ही थांबलो. मग ती त्या बाईकडे बघून म्हणाली, “चूक... तुमचीच.”

बाई पदर तोंडाला लावून इतकी हसली, की सून घरातून बाहेर आली. सुनंदाही हसत होती. माझी सुनंदा होती ती. नाव घेणारी, पाणी मागणारी तर आधीच आली होती. ही चूक काढणारी मात्र इतके दिवस कुठेतरी दूर राहिली होती.

त्या सकाळी केबल टिकली असती, तर आम्ही बनेश्वरला जाऊन, नमस्कार करून, होतो तसे परत आलो असतो. त्या घरात भांडण झालं नसतं, तर ती बाई शेतात असती. दोन ठिकाणी दोन गोष्टी बिघडल्या, आणि ज्यांच्या बिघडल्या त्या दोघांनाही त्याचा राग आला होता. यात देवाचा हात किती, हे मी कोणाला पटवून देणार नाही, मला ते सांगताही येणार नाही. देवापुढे मी अजून रोज बसतो. आता पाणी घालताना तिच्यासाठी अमुक दे, तमुक दे असं तोंडावर येत नाही. कुठल्या दारात तिला नेऊन बसवायचं, हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं. मी गाडी हळू चालवतो, आणि तो थांबवेल तिथे थांबतो.