बाळाराम शेठचा मिठाचा ओटा

बाळाराम शेठची ओळख करून द्यायची तर आधी मिशीची करून द्यावी लागते, कारण तो कुठेही गेला तरी मिशी त्याच्याआधी पोचते. कशेळीच्या रस्त्यावर ट्रक खोळंबलेले असले की धुळीतून पहिल्यांदा तिची दोन टोकं दिसतात, मग पांढरा सदरा, मग शेठ. रोज सकाळी तिला खोबरेल तेलाचं बोट लागतं. हौसाबाई, म्हणजे त्याची बायको, सांगते की लग्नात तिने दोघांना ओवाळलं होतं, एक नवऱ्याला आणि एक मिशीला.

बाळारामचे आजे-पणजे खाडीकाठी मीठ पिकवायचे. मीठ 'बनवतात' असं कोणी म्हटलं की त्याच्या डोक्यात तिडीक जाते. साबण बनवतात, मीठ पिकतं, भातासारखं, असं तो ठासून सांगतो. त्याने स्वतः ऐन उन्हात अनवाणी उभं राहून मीठ ओढलेलं आहे. पुढे जे सगळीकडे झालं तेच त्याच्याकडेही झालं. मिठागरात मुरूम पडला, मुरमावर गोडाऊन उभं राहिलं, आणि आता तिथे कुठल्या कुठल्या देशांच्या चपला आणि पोरांचे डायपर येऊन पडतात. घरात काही कमी नाही. पण बाळारामला काम नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला कोणी काही विचारत नाही. एकदा तो सहज आपल्या जागेवर चक्कर मारायला गेला, तर नव्या वॉचमनने गेटवर अडवलं.

"किससे मिलना है, चाचा?"

"नमकसे," बाळाराम म्हणाला.

वॉचमनने फोन करून आत विचारलं. आतून सांगण्यात आलं की नमक नावाचा माणूस आज ड्युटीवर नाही.

ते त्याच्या मनाला फार लागलं. मग त्याने पडघ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आपल्या जमिनीवर एक छोटं घर बांधलं आणि आठवड्यातले बरेच दिवस हौसाबाईला घेऊन तिथेच राहू लागला. शेजारी दामूचं शेत. दामू भातही लावायचा आणि शेठच्या घराकडे लक्षही ठेवायचा. पहिल्याच पहाटे जंगलातून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं, तेव्हा बाळारामने हाड्‌ हाड्‌ करून दगड भिरकावला.

"शेठ, कुत्रा न्हाय त्यो. भेकर हाय," दामू म्हणाला.

"भेकर म्हंजे?"

"हरीणच, पन भुकतंय."

बाळारामला त्या भेकराचं वेडच लागलं. त्यातच सुनेने, भाविकाने, त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. हरणांना चाऱ्यातून पुरेसं मीठ मिळत नाही, शिंगांना आणि दुधाला क्षार लागतात, म्हणून ती खारट माती चाटत हिंडतात. कुठल्याशा देशात लोक त्यांच्यासाठी मिठाची ढेकळं ठेवतात आणि हरणं रांगेने येतात. बाळारामने तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की फोन तापला. सबंध जगात एक तरी प्राणी होता ज्याला अजून मिठाची किंमत होती.

इथवर ठीक होतं. पण माणसाला तोंड असतं आणि आगरी लोकांच्या हळदीत त्या तोंडाला आवर नसतो. पुतण्याच्या हळदीला डीजे जरा थांबल्यावर बाळाराम म्हणाला, "माझ्या मिठावर भेकरा येतात. रांग लावून."

समोर लडकू शेठ बसला होता. लडकू वळ गावचा, भाविकाचा बाप, म्हणजे बाळारामचा व्याही. त्याचेही पूर्वज मीठवालेच, त्यामुळे दोघांचं आयुष्यभर एकमेकांवर बारीक लक्ष.

"दाखवा," लडकू म्हणाला.

"दाखवीन. होळीनंतरच्या रविवारी या. माझ्या मिठावर भेकर न्हाय आला तर ही मिशी उतरवीन."

हौसाबाईने कपाळाला हात लावला. तोवर बाळारामने भेकराला चिमूटभरही मीठ ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून आपल्या मिठागरातलं शेवटचं पोतं काढलं. हौसाबाई त्यातलं मीठ फक्त दृष्ट काढायला वापरायची. "त्या जनावराला दुकानातला घाला ना," ती म्हणाली. पडघ्याला जनावरांच्या खाद्याच्या दुकानात चाटण वीट मिळते, मीठ आणि खनिजं दाबून केलेली, गाईगुरांसाठी. बाळाराम तिथे जाऊन ती वीट हातात घेऊन तशीच परत ठेवून आला होता. मिठाची वीट करतात म्हणजे माणसाला लाज उरली नाही, असं त्याचं मत पडलं.

आता मीठ ठेवायचं कुठे? दामूने सोपं सांगितलं, "जमिनीवर वता. माती खारी झाली की भेकर येतंय."

बाळाराम हादरला. मीठ सांडलं तर मेल्यावर देवाच्या दारी पापण्यांनी उचलावं लागतं, हे त्याला आईने लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. मिठाला पाय लागला तरी तो हात जोडायचा. आणि हा दामू पोतंभर मीठ मातीत ओतायला सांगत होता.

"पापन्यांनी उचलाला तू येशील का रं?" तो ओरडला.

मग ओटा बांधला गेला. कमरेएवढा उंच, वरून पांढऱ्या फरशा, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, आणि घरी हळदीची लायटिंग पडूनच होती म्हणून तीही. त्यावर परातीत मिठाची रास, राशीला झेंडूचा हार. हौसाबाईला वाटलं आत देव बसवलाय; तिने लांबूनच नमस्कार केला.

भेकर आलं नाही. दामूची शेळी आली. ती ओट्यावर चढून, चारी पाय परातीत रोवून, झेंडूचा हार खाऊन मग मीठ चाटू लागली. म्हशी आल्या. वानरं आली आणि एक दिवा घेऊन गेली. वाटेने जाणाऱ्या बाया कैरी खाता खाता थांबून चिमूटभर मीठ घेऊ लागल्या, आणि शेठने वाटसरूंची काय छान सोय केली म्हणून दुवा देऊन गेल्या. बाळाराम रोज उजाडायच्या आधी उठून बघायचा. जंगलातून भेकर भुंकायचं, अगदी जवळून, पण ओट्याकडे फिरकायचं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या घराला नवा कोरा संडास होता, फरशांचा. बाळारामला त्यात शिरलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. म्हणून पहाटे उठला की तो मागच्या कुंपणाशी, करवंदीच्या जाळीपाशी, मोकळ्यावर उभा राहायचा. रोज तिथेच. हौसाबाई रोज ओरडायची, "येवढा बांधलाय त्यो काय पाव्हन्यांना दाखवाला?" आणि तो रोज ऐकल्यासारखं करायचा.

रविवार उजाडला. लडकू शेठ अंधारातच गाडी घेऊन हजर झाला. सोबत भाविका होती, आणि मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसलेला वळचा न्हावी होता, चिंधू.

"याला कशाला आनला?" बाळारामने विचारलं.

"तुमाला परत गावात जावा लागू नये म्हनून," लडकू आपुलकीने म्हणाला.

दामूसकट सगळे ओसरीवर चादरीच्या आड बसले. कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, असं ठरलं. झुंजूमुंजू झालं आणि ओट्यावर दामूची शेळी उगवली. ती नेहमीप्रमाणे परातीत उभी राहिली आणि चादरीकडे बघत शांतपणे रवंथ करू लागली. लडकूने तोंडात रुमाल कोंबला. त्याचे खांदे हलत होते. बराच वेळ गेला. शेवटी त्याने चिंधूला खूण केली.

बाळारामने कुरकूर केली नाही, शब्द म्हणजे शब्द. तो खुर्चीत बसला, मान वर केली. चिंधूने हलक्या हाताने मिशीच्या डाव्या बाजूला साबण लावला. बाळारामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते साबणावर ढकललं. मिशीचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. खाडीचं शेवटचं मीठ ठेवलं, आणि त्यालाही कोणी आलं नाही.

"बाबा," भाविका सासऱ्याच्या कानाशी कुजबुजली. "मागं बघा. कुपाजवल."

करवंदीच्या जाळीपाशी भेकर उभं होतं. तांबूस अंग, बारीक पाय, दोन आखूड शिंगं. मान खाली घालून ते माती चाटत होतं. चाटायचं, कान हलवायचं, पुन्हा चाटायचं. घाई नाही, भीती नाही. रोजचं गिऱ्हाईक असावं तसं.

हौसाबाईने जागा ओळखली. तिने पदर तोंडात धरला तो धरलाच. दामूनेही ओळखली आणि तो आभाळाकडे बघू लागला. बाळारामने सगळ्यांत शेवटी ओळखली, आणि त्याचे कान लाल झाले.

लडकू मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. "भेकर आला, मान्य. पन तुमच्या मिठावर कुठं आला? मीठ हाय ओट्यावर. त्यो तर माती चाटतंय."

साबण लावलेली मिशी थरथरली. खरं सांगावं तर अब्रू जात होती, न सांगावं तर मिशी. बाळारामने खाकरून घसा साफ केला.

"तिथंबी माझाच मीठ हाय," तो म्हणाला.

"कनचा?"

"घरचाच."

लडकू उठला. भेकराने एकदा भॉक केलं आणि कुंपणावरून उडी टाकून ते जंगलात नाहीसं झालं. लडकू तडक करवंदीपाशी गेला. मीठवाल्याच्या घरचा माणूस तो. मिठाची गोष्ट डोळ्यांवर सोडत नाही, जिभेवर घेतो. त्याने वाकून मातीची चिमूट उचलली. हौसाबाई "अवो!" म्हणून अर्धी उठली. बाळारामला हाक मारायला वेळ होता. त्याने तोंड उघडलंही होतं. पण साबणाने माखलेली मिशी ओठांवर आली आणि त्याने ते मिटलं.

लडकूने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, टाळ्याला जीभ लावून पाहिलं.

"खारा हाय," तो हळूच म्हणाला. मग पुन्हा चव घेतली. "जुना हाय हा. असा आता भेटत न्हाय." तो परत आला आणि त्याने आपल्या हातांनी व्याह्याच्या मिशीवरचा साबण पुसला.

त्या दिवशी जेवताना हौसाबाई तीनदा पाणी प्यायला उठून गेली. पाहुणे गेल्यावर बाळारामने परात उचलली, करवंदीपाशी नेली आणि खाडीचं उरलेलं मीठ मातीत ओतलं. ओतताना हात जोडले. "पापन्यांनी उचलीन," तो दामूला म्हणाला, "पन आता येवढा त्याचा देना लागतंय." दुसऱ्या दिवसापासून तो मुकाट्याने फरशांच्या संडासात जाऊ लागला. भेकर येतच राहिलं.

लडकू शेठ मात्र बदलून गेला. आता कुठल्याही हळदीला, कुठल्याही साखरपुड्याला तो भरल्या मांडवात उभा राहतो आणि सांगतो, "मीठ बघावा तर आमच्या व्याह्याचा. जंगलातून जनावर येतंय. मी सोता चाखलाय!" लोक माना डोलावतात, बाळारामकडे आदराने बघतात. मिठागर बुजल्यापासून भरल्या मांडवात त्याच्या मिठाचं नाव कोणी काढलं नव्हतं. बाळाराम मिशीला पीळ देतो, मान खाली घालतो, आणि शेजारी बसलेली हौसाबाई त्याला बोलू देत नाही.